फळ्यावरचं प्रमाण

फळ्यावर मी ‘धने सव्वा किलो’ लिहिलं आणि मागून आत्याबाईंचा आवाज आला, “पूस ते.”

मी पुसलं नाही. त्याच्या खाली ‘जिरे अर्धा किलो’ लिहिलं.

“मालन, ऐकू येतंय न्हवं? पूस म्हटलं.”

“आत्याबाई, बायका वाचतील, उतरून घेतील आणि मिरची घेऊन आपल्याच दारात येतील. काहीतरी फुकट दिल्याबिगर आता कोण फिरकतंय हिकडं?”

“ते द्यायचं न्हवं.”

“का न्हवं? वर जाताना पदराला बांधून न्यायचंय काय?”

बोलले आणि जीभ चावली. सासूला असं तोडून बोलायची माझी ती पहिलीच वेळ. आत्याबाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि त्या आत निघून गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. वाढलं तर जेवायच्या, पण आमटीत मीठ नसलं तरी सांगायच्या नाहीत.

मी फळा पुरा केला. सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘वर्षाच्या चटणीचं प्रमाण. फुकट. हवं त्यानं उतरून घ्यावं. – देवार्डे डंक.’ आणि तो रस्त्याच्या बाजूला दारात टांगला.

गडहिंग्लजमधला एक्क्याण्णव सालचा उन्हाळा. आमच्याकडे चटणी म्हणजे ताटात डावीकडे चमचाभर वाढायची ती नव्हे. मिरची, मसाला, कांदा, लसूण, खोबरं, मीठ एकत्र कुटून वर्षाची एकदाच करायची, बरणीत दाबून भरायची आणि आमटीपासून मटणापर्यंत सगळ्यात तीच घालायची. ती कुटायची जागा म्हणजे डंक. आमच्या डंकाला लोखंडाची चार मुसळं होती. मोटर सुरू केली की ती आळीपाळीने वर जायची आणि दगडी उखळात धाडकन खाली यायची. पाडव्यापासून पाऊस लागेपर्यंतचे अडीच महिने डंक चालायचा आणि त्यावर आमचं वर्ष निघायचं.

त्या साली रस्त्यापलीकडे चनाप्पाने नवं कांडप टाकलं. आठ मुसळं, वर पत्र्याची उंच शेड, बायकांना बसायला बाकडी आणि प्यायला माठातलं गार पाणी. पाडवा होऊन तीन दिवस झाले तरी आमच्या उखळात कुणाची मिरची पडली नव्हती. आमचे हे एसटीत कंडक्टर. रविवारी घरी आले आणि जेवता जेवता म्हणाले, “निपाणीचा एक जण डंक बघून गेलाय. एप्रिलअखेरीला परत येणार. धंदा न्हाई झाला तर देऊन टाकू.”

“झाला तर?”

“झाला तर ठेव की. मला काय उचलून न्यायचाय?”

मला हवं होतं ते एवढंच. मी सातवी शिकलेली, सासरी आल्यापासून त्या डंकावर उभी राहिलेली. घरातल्या चुलीपुढे मी कुणाची तरी सून होते, मोटरच्या बटणापाशी मात्र मी मालन देवार्डे होते. ते बटण निपाणीला जाऊ द्यायचं नाही, असं मी त्याच ताटावर ठरवलं.

आता प्रमाणाचं सांगते. आमच्या घरच्या चटणीची चव गावात वेगळी होती. खाणारा भाकरीचा दुसरा तुकडा मोडताना हमखास विचारायचा, “ह्यात काय घातलंय?” आत्याबाई हसून विषय बदलायच्या. त्या सगळं मुठीने आणि चिमटीने घालायच्या, मापाला हात लावायच्या नाहीत, मला सांगायच्याही नाहीत. पण काटा डंकावरच होता. त्या आत गेल्या की मी मसाल्याचे डबे आधी तोलून ठेवायची आणि चटणी झाली की परत तोलायची. नऊ उन्हाळ्यांत सगळं प्रमाण माझ्याकडे वजनात आलं. त्यात एक त्रिफळ होतं. आंबोलीकडचे लोक माशाच्या कालवणात घालतात ते, चुरचुरीत वासाचं. आमच्या भागात चटणीत त्रिफळ कुणी घालत नाही. तेवढं एक हलकं, काट्यावर नीट उतरत नसे, म्हणून मुठीतच ठेवलं, पाच किलोला मूठभर.

ते सगळं मी फळ्यावर मांडलं. पहिल्या दिवशी चार बायका थांबल्या, तिसऱ्या दिवशी तीस. कुणी वहीचं पान आणलं, कुणी कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं, ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांना मी स्वतः लिहून दिलं. तीळ किती भाजायचे, खोबरं कधी उतरायचं, कांदा उन्हात किती वाळवायचा, विचारेल ते सांगत गेले. घसा बसला. पण फुकट सांगायचं म्हटल्यावर हात आखडून कशाला सांगायचं?

कागद घेऊन निम्म्या बायका आमच्याकडे आल्या आणि निम्म्या सरळ रस्ता ओलांडून गेल्या. तिकडे सावली होती, पाणी होतं, आता हातात प्रमाणही होतं. पाचव्या दिवशी सकाळी दार उघडलं तर चनाप्पाच्या भिंतीवर लाल रंगात तेच प्रमाण, माझ्या फळ्याच्या दुप्पट अक्षरांत. मी तशीच समोर गेले.

“चनाप्पा, हे काय?”

“वहिनी, रागवू नका,” तो हसत म्हणाला. माणूस वाईट नव्हता, फक्त धंद्याला पक्का. “तुमचंच नाव लिवलंय की खाली. बघा, ‘देवार्डे डंकाचं प्रमाण’. चोरी न्हाई केली.”

मी घरी आले आणि फळ्यावर राहिलेल्या जागेत गरम मसाल्याचंही प्रमाण लिहून टाकलं. तो जेवढं उचलेल त्याच्या पुढे एक पाऊल राहायचं, असा माझा हिशोब. आत्याबाई आतल्या खोलीच्या दारात उभ्या राहून बघत होत्या.

दहा-बारा दिवसांनी भर दुपारी हौसाक्का आल्या.

हौसाक्का म्हणजे वरच्या आळीतल्या, आत्याबाईंच्या बरोबरीच्या. दोन्ही मुलगे पुण्याला नोकरीला, या इथे एकट्या. दर मे महिन्यात मुलगे, सुना, नातवंडं पंधरा दिवस यायची आणि जाताना दोन मोठ्या बरण्या भरून चटणी घेऊन जायची. त्यांची मिरची दर वर्षी आमच्याच डंकावर, पण आत्याबाई असतील तेव्हाच. मी बटण दाबायचं आणि दुसऱ्या कामाला लागायचं. मला वाटायचं, जुन्या मैत्रिणी आहेत, बोलत बसतात.

“मला वाचाय येत न्हाई,” फळ्यापुढे उभ्या राहून त्या म्हणाल्या. “मोठ्यानं वाच बघू.”

मला काय, मी हौसेने वाचलं. मिरची, धने, तीळ, खोबरं. प्रत्येक ओळीला त्या मान हलवत होत्या. शेवटी मी म्हटलं, “आणि त्रिफळ मूठभर.”

“मूठ कुणाची?”

“आत्याबाईंची.”

“न्हवं,” त्या म्हणाल्या. त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या डोळ्यांसमोर मूठ मिटली. “ही मूठ. माझ्या आईची हुती, मग माझी.”

मला काही कळेना. त्यांनी कमरेच्या पिशवीतून एक आंतर्देशीय पत्र काढलं. “हेबी वाच. मास्तरांनी एकदा वाचून दावलंय. पुन्यांदा ऐकूंदे.”

पत्र थोरल्या सुनेचं होतं. अक्षर सुरेख होतं. ‘माझ्या बहिणीने गडहिंग्लजहून देवार्डे डंकाच्या फळ्यावरचं प्रमाण पाठवलं. इथे करून आणली, तंतोतंत तुमच्या चटणीसारखी झाली. तेव्हा आई, आता या वयात उन्हातान्हात मिरच्या वाळवायचा त्रास घेऊ नका. मुलांचे सुट्टीत क्लास आहेत. यंदा येणं होईलसं वाटत नाही.’

“चांगलं लिवलंय न्हवं?” हौसाक्का म्हणाल्या. “काळजी केलीय पोरीनं माझी. वाईट शबूद न्हाई एक.”

“अक्का...”

“एवढी एक चटणीच हुती गं त्यास्नी हिकडं यायला. बाकी माझ्याकडं हाय काय?”

आत्याबाई बाहेर येऊन उभ्या राहिल्या होत्या. हौसाक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. “बाळे, तुला दिलं हुतं मी. गावाला न्हवं.”

आता माझं नाव निघणार म्हणून मी मान खाली घातली. आत्याबाई म्हणाल्या, “चुकलं, हौसे. माझं चुकलं.”

हौसाक्का पत्राची घडी घालून निघून गेल्या. चप्पल ओढत चाललेल्या त्या बाईंकडे बघताना मला माझीच शरम वाटली, इतकी की जमिनीने पोटात घ्यावं.

“तुम्ही माझं नाव का घेतलं नाही?” मी आत्याबाईंना विचारलं.

“तू आमच्या घरातलीच न्हवं? मग चूक कुणाची हुणार?” पंधरा दिवसांनी त्यांचा आवाज ऐकत होते. मग त्यांनी सगळं सांगितलं. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना चटणी जमत नव्हती. तीन वर्षं लागोपाठ बिघडली. सासरे ताट सरकवून उठायचे. तेव्हा शेजारी राहणारी हौसा, तीही नवीनच, आंबोलीच्या घाटावरून आलेली. तिने एक दिवस आपल्या आईचं प्रमाण हातात हात धरून शिकवलं. अट एकच घातली. तुझ्या घरात खा, दुसऱ्या घरात जाऊ द्यायचं नाही. ते कुणाचं आहे हेही बोलायचं नाही. आत्याबाईंनी ते नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. मी डबे तोलत होते तेव्हा चोरी सासूची करतेय असं मला वाटत होतं. ती तर तिसऱ्याच घरची निघाली.

मी उठले, फडकं ओलं केलं आणि फळा पुसला. मग चुन्याची बादली भिजवली, कुंचा घेतला आणि रस्ता ओलांडला. दुपारची वेळ, चनाप्पाच्या शेडमध्ये पंधरा-वीस बायका बसलेल्या. मी सरळ भिंतीवर चुना मारायला सुरुवात केली.

“अवो वहिनी! भिंत माझी हाय!”

“भिंत तुझी आहे. नाव माझं आहे. माझं नाव असलेलं मी पुसतीय.”

“रंगाला पैसं मोजल्यात मी.”

“मग चुन्याचे मी मोजले. फिटलं.”

बायका पदराआड हसायला लागल्या. चनाप्पा डोकं खाजवत उभा राहिला. चांगले दोन हात दिले तरी लाल अक्षरं पुसट दिसतच होती, म्हणून तिसराही दिला. घरी आले तेव्हा हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते.

पण कागद? कागद घराघरांत गेले होते. ते कसे पुसायचे, या विचारात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी शालन आली. माझ्या ओळखीची, मुलकी नाक्याजवळ राहणारी. वाटीत चटणी घेऊन तणतणत आली.

“वहिनी, तुमच्या फळ्यापायी घरात भांडाण लागलंय. मामंजी ताटाला शिवंनात. ‘ही आपल्या घरची न्हवं’ म्हणत्यात. चांगली झालीय म्हटलं, तर म्हणत्यात, चांगली असूंदे, आपली न्हवं.”

“जुनी आहे का घरात? गेल्या वर्षीची?”

“बरणीच्या बुडाला असंल चमचाभर.”

“घेऊन ये.”

ती घेऊन आली. मी जिभेवर ठेवली. तिखट लागलं, खारट लागलं, पुढे काही कळेना. आत्याबाई भिंतीला टेकून लसूण सोलत होत्या. न राहवून म्हणाल्या, “कोरडी कशाला खातीस? कोरडी खाल्ली की नुसती मिरचीच बोलती. तळहातावर घे, दोन थेंब तेल घाल, चोळ. ऊन झाली की हुंग. मग भाकरीच्या तुकड्याबरोबर खा.”

मी तसं केलं आणि खरंच एकेक जिन्नस कळायला लागला. “मेथ्या आहेत?”

“मेथ्या न्हाईत. मोहरी हाय, जास्त भाजलीया. दगडफूल दुप्पट. लवंग न्हाईच.” त्यांनी माझा तळहात ओढून पुन्हा वास घेतला. “सुंठ हाय बघ जरा.”

“अगंबाई,” शालन म्हणाली, “आमच्या आत्ती सुंठ घालायच्या! मी इसरलेच हुते.”

तीस वर्षं गावची मिरची कुटून आत्याबाईंच्या नाकात गावातलं घर अन् घर बसलं होतं, आणि त्यांनी एका घरचं दुसऱ्या घरी कधी सांगितलं नव्हतं. माझ्यासारखी शहाणी आली आणि सगळ्या गावाला एकच चव वाटून मोकळी झाली.

मी शालनला आतल्या खोलीत नेलं आणि तिच्या घरचं प्रमाण तिच्या कानात सांगितलं, दोनदा म्हणून घेतलं. तिने लिहून मागितलं, मी दिलं नाही.

“किती द्यायचं?” तिने विचारलं.

“फुकट. फक्त फळ्यावरचा तो कागद आणून दे.”

“एवढंच?”

“एवढंच. आणि कूट कुठंही. समोर सावली चांगली आहे.”

फळ्यावर आता एकच ओळ होती. ‘जुनी चटणी चिमूटभर आणा. तुमच्या घरचं प्रमाण काढून देतो. फुकट. आमचा कागद परत आणावा.’ पहिले दोन दिवस बायका हसल्या. मग शालनच्या सासऱ्यांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्याची बातमी मुलकी नाक्यावरून बाजारपेठेपर्यंत गेली आणि रांग लागली. कुणी कागदाच्या पुडीत, कुणी बाळाच्या काजळाच्या डबीत, एक तर पदराच्या गाठीत बांधून चिमूट आणायची. प्रत्येकीला आत एकटीलाच घ्यायचं, दार लोटायचं, तळहात चोळायचा. वास आधी मी घ्यायचा, मग आत्याबाईंनी. पहिल्या आठवड्यात मी दहातल्या सात वेळा चुकायची. दुसऱ्या आठवड्यात तीन वेळा. तोंड आलं, ओठ सुजले, डोळे कायम लाल. ताक पिऊन पुन्हा बसायची. आलेला प्रत्येक कागद मसाला भाजायच्या कढईखाली चुलीत घातला.

कुटायला मी कुणालाच इथे या म्हटलं नाही. तरी त्या इथेच आल्या. मला आधी कळेना, मग एकीने सांगितलं. “आमच्या घरचं काय ते आता आमाला कळलंय. ते घेऊन चनाप्पाच्या शेडमदी पंधरा जणींच्या म्होरं कशाला वतायचं?” आमचा डंक लहान, एका वेळी एकीचंच काम. जी आमची खोट वाटत होती तिच्यासाठीच माणसं यायला लागली.

एप्रिलअखेरीला निपाणीचा माणूस आला तेव्हा दारात सोळा पोती होती. यांनी त्याला चहा पाजला आणि आल्या पावली परत पाठवलं. ड्युटीवर जाताना माझ्याकडे बघून म्हणाले, “ठेव बाई तुझा डंक.” मला हवं होतं ते मिळालं होतं. पण हौसाक्का आल्या नव्हत्या. इकडेही नाही आणि समोरही नाही. मे निम्मा झाला तरी त्यांची मिरची वाळत पडलेली कुणी पाहिली नव्हती.

एका सकाळी मी त्यांच्या घरी गेले. त्या उंबऱ्यात बसून चिंच फोडत होत्या.

“एक्केचाळीस कागद जाळले, अक्का,” मी म्हटलं. “पुण्याचा तेवढा माझ्या हातात नाही.”

“मग कशाला आलीस?”

“मिरची कुटायला या म्हणून सांगायला.”

“कुणासाठी कुटू?” त्यांनी चिंचोका बाजूला टाकला. “मला एकटीला वाटीभर पुरती वर्साला.”

“ते प्रमाण गेलं. मी घालवलं. दुसरं बसवा.”

“साठ वरसं उलटली माझी. आता दुसरं?”

“मला आता कळायला लागलंय, अक्का. काय घातलं की काय होतं, कशानं कशाची चव उठते. मी सांगते ना...”

त्यांनी वर पाहिलं. “म्हंजे तुला म्हाईत असणार.”

महिनाभर तोंड भाजून जे मी कमावलं होतं, ते गावातल्या कुठल्याही घराला देता येत होतं. या एका घराला त्याचा उपयोग नव्हता. उंबऱ्याबाहेर उभी राहून मी नुसती घाम पुसत होते.

“मग मी सांगत नाही,” मी शेवटी म्हटलं. “मला माहीतही नको. तुमचं तुम्ही बसवा. येत्या सोमवारी डंक मोकळा ठेवते. दुसऱ्या कुणाचं पोतं दारात घेणार नाही.”

“भर हंगामात?”

“भर हंगामात.”

त्या चिंच फोडत राहिल्या.

सोमवारी मी पाच बायकांना परत लावून दिलं. दोघी चिडून समोर गेल्या, गेल्या तर गेल्या. अकरा वाजले, बारा वाजले. आत्याबाई म्हणाल्या, “येती का न्हाई कुणास ठावं.” साडेबाराला हौसाक्का वळणावर दिसल्या. डोक्यावर मिरचीचं पोतं आणि काखेत घट्ट बांधलेलं एक गाठोडं. मी पुढे होऊन पोतं उतरवलं. गाठोड्याला हात लावला नाही.

मिरची कुटून झाली. हौसाक्कांनी गाठोडं मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, “तोंड फिरव.”

मी नुसतं तोंड फिरवलं नाही. मोटर चालू ठेवून बाहेर पायरीवर जाऊन बसले. आत्याबाईही उठल्या आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. गाठ सुटल्याचं काही ऐकू आलं नाही, मुसळांच्या आवाजात ते ऐकू येणारही नव्हतं. पण थोड्याच वेळात वास आला. महिनाभर तेच काम केलेलं माझं नाक आपोआप कामाला लागलं. धने कळले, तीळ कळले. त्रिफळ आहे, पण कमी आहे. आणि त्याच्या मागून दुसरं काहीतरी...

“मालन,” आत्याबाई म्हणाल्या, “ऊठ हितनं.”

मी उठले. नाकाला पदर लावला, रस्ता ओलांडला आणि चनाप्पाच्या शेडमध्ये अगदी मागच्या बाकड्यावर, जिथे त्याच्या आठ मुसळांचा दुसराच खकाणा उडत होता, तिथे जाऊन बसले. मागोमाग आत्याबाई आल्या. चनाप्पा बघतच राहिला.

“वहिनी, आज गिऱ्हाईक म्हणून आलासा?”

“चहा सांग,” मी म्हटलं.

हौसाक्कांनी त्या नव्या चटणीची एक लहान बरणी पुण्याला जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवली. आठ दिवसांत सुनेचं पत्र आलं, यात काय घातलंय म्हणून. मास्तरांनी उत्तर काय लिहू विचारलं, तर म्हणाल्या, “लिवा, कागदावर मावत न्हाई.” जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही सुना पोराबाळांसह एसटीतून उतरल्या. कुणाचा क्लास बुडला का ते मी विचारलं नाही.

त्यानंतर सतरा उन्हाळे हौसाक्का आमच्या डंकावर आल्या आणि सतरा वेळा मी रस्ता ओलांडला. मधेच आत्याबाई गेल्या, मग हौसाक्का गेल्या. गावातल्या दीड-दोनशे घरांची चटणी मी आज डोळे मिटून सांगू शकते, आणि विचारेल त्याला त्याच्या घरचं तेवढं अजूनही फुकट सांगते.

हौसाक्का गेल्या त्याच्या पुढच्या मे महिन्यात त्यांची थोरली सून पुण्याहून एकटीच आली. केस पिकायला लागलेले, हातात मिरचीचं पोतं, काखेत गाठोडं. मिरची कुटून झाली तशी ती माझ्यापुढेच बसली आणि गाठोड्याची गाठ सोडायला लागली.

“मावशी, आईंनी शेवटच्या दुखण्यात मला एकटीला सांगितलंय. पण मी पहिल्यांदाच करतेय. तुमचं नाक गावात नावाजलेलं. जरा बघता का, बरोबर आहे का ते?”

मी तिचा हात धरला.

“बांध ते,” मी म्हटलं. “आधी मला बाहेर जाऊ दे.”